जागा हाय म्हणे!

काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर म्हणे, दहा रुपये जास्त! कायचे, तर "समोर बसले ना भाऊ तुमी."

बसलो? याला बसणं म्हणतात? दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत अर्धं बूड सीटवर, अर्धं हवेत, आणि गिअरचा दांडा दोन्ही मांड्यांच्या मधात. गिअर बदलायचा झाला की "पाय उचला भाऊ." उचलू कुठं? डावीकडे मावशी, तिच्या मांडीवर नातू, नातवाच्या हातात चिप्सचा पुडा. माझा गुडघा वर गेला की पुडा खाली. पोरगं रडे, मावशी माझ्याकडे खाऊ की गिळू करून पाहे. ड्रायव्हर स्वतः दाराला लटकलेला, कारण त्याच्याही सीटवर एक पाहुणा कोंबलेला. चढावर माझ्या गुडघ्यानं परवानगी दिल्याशिवाय गाडी दुसऱ्यात जात नव्हती. मलाच क्लीनरची रोजी द्यायला पाहिजे होती, तर उलट हाच दहा रुपये मागतो!

मागचं तर विचारूच नका. चौघांच्या बाकावर सहा, पायाशी तुरीचं पोतं, पायरीवर कॉलेजची पोरं. तुराट्यांचा भारा आवळावा तशी माणसं आवळून झाली, तरी फाट्यावर कोणी हात दाखवला की लागला ब्रेक. "या काकाजी, जागा हाय." कुठं हाय बाप्पा? दाखव ना! तेवढ्यात मागून एक शहाणा, "ॲडजस्ट करा ना जरासं." या ॲडजस्टवाल्यांना मी ओळखून आहे. हे कायम खिडकीशी असतात, निवांत खर्रा घोटत. आणि तो रीलवाला! काऊन रे बाबू, पुऱ्या गाडीला ऐकवायचा ठेका घेतला का?

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ए मला पाठ आहे. जादा माणसामागं दोनशे रुपये दंड, आणि जादा माणसं उतरवून त्यांची दुसऱ्या गाडीत सोय होईस्तोवर गाडी हलवायची नाही. म्हटलं, मोबाईलवर काढून याच्या तोंडासमोरच धरतो. पण हात खिशापर्यंत जाईना! अन् दुसरी गाडी कोणती? मागून येणारी काळीपिवळी, तीही टपापर्यंत भरलेली. यवतमाळला तावातावानं भांडायला उतरलो, तर दोन्ही पाय मुंग्यांनी बधिर. बोनेट धरून उभा राहिलो. आधार सोडवेना, मग भांडता काय.

आमच्याकडच्या शकुंतला रेल्वेच्या आठवणी काढणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीत माणसाला निदान स्वतःचे गुडघे स्वतःजवळ ठेवता येत. आता ती बंद, आणि आमच्या नशिबी हा दांडा.

परतताना शहाणपण केलं. गाडी लागल्याबरोबर खिडकीतून मागच्या सीटवर रुमाल टाकला. चहा पिऊन येतो, तर रुमालावर तिघं बसलेले. निदान रुमाल तरी द्या म्हटलं.

"आता हलता नाही येत भाऊ. दारव्हा आलं की घेजा."