ध्रुवपद नसलेलं गाणं

'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'चा विषय निघाला की पहिलं कौतुक होतं ते लांबीचं. तीन मिनिटांच्या गाण्यांच्या जमान्यात पाच मिनिटं पंचावन्न सेकंद! मला हे कौतुक नेहमी अपुरं वाटतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं आलं ३१ ऑक्टोबर १९७५ला. त्याआधी १९६८मध्येच बीटल्सचं सात मिनिटांचं 'हे ज्यूड' इंग्लंडात पहिल्या नंबरावर जाऊन आलं होतं. लांब गाणं लोक ऐकतात का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता.

पण 'हे ज्यूड'च्या शेवटच्या चारेक मिनिटांत तेच ते आळवणं चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ऐकणाराही गायला लागतो. पॉपचा सगळा संसार या परत येण्यावर उभा आहे. आपल्याकडेही अभंग घ्या, भावगीत घ्या, अंतरा कुठेही फिरून येवो, ध्रुवपद लागलं की बरं वाटतं. क्वीनचा गायक आणि या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, त्यानं नेमकं तेच काढून टाकलं. आधी नुसते गळे, मग पियानोवर एक मुलगा आईला सांगतोय की माझ्या हातून माणूस मेला, मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक, आणि पुन्हा सगळं शांत. वाऱ्याची एक ओळ मधूनच येते, शेवटीही येते, पण तिला घेऊन कुणी फेर धरत नाही. गाण्याचं नावसुद्धा गाण्यात एकदाही येत नाही.

मग हे सगळं एकसंध वाटतं कसं? माझं उत्तर आहे, सांध्यांमुळे. बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याचा गिटारचा तुकडा ऐका. गायलेली चालच गिटारवर वाजवायची, हा सोपा रस्ता त्यानं घेतला नाही. त्यानं स्वतंत्र चाल बांधली. ती ऐन भरात असताना तोडली जाते आणि मागे उरतो तो पियानोचा तुटक ठोका. त्याच ठोक्यावर ऑपेरा सुरू होतो.

हेडफोन लावून ऐका, 'गॅलिलिओ' हे नाव एका कानातून दुसऱ्या कानात फेकलं जातं. एवढा मोठा वृंद वाटतो, पण गाणारे तिघंच. खालचे सूर ब्रायन, मधले फ्रेडी आणि सगळ्यात वरचे ड्रमर रॉजर टेलर. चोवीस ट्रॅकची, म्हणजे चोवीस वेगळ्या ध्वनिपट्ट्यांची टेप, तिच्यावर आवाजावर आवाज चढवत, भरलेले ट्रॅक एकत्र करून पुन्हा जागा करत हा भाग रचला. शेवटी रॉजरचा आवाज वर, आणखी वर जातो आणि त्या टोकावरून थेट गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, कोसळतो. ही जागा मला अख्ख्या रॉकमधली सर्वांत आवडती आहे. हा रिफही फ्रेडीचाच, पियानोवर सुचलेला.

रेडिओवाले इतकं लांब गाणं लावणार नाहीत, अशी भीती होतीच. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटनं ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं! पुढे ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

फ्रेडी, म्हणजे फारोख बलसारा, शाळेत होता आपल्या पाचगणीला. सेंट पीटर्समध्ये असतानाच 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. त्यामुळे या गाण्यातही इथलं काही शोधायचा मोह होतो. मला तरी ते सापडत नाही. हे युरोपच्या ऑपेराशी आणि सत्तरीतल्या लंडनच्या रॉकशी नातं सांगणारं गाणं आहे. पाचगणीचा अभिमान मलाही आहे, पण म्हणून गाण्यावर हक्क सांगू नये.

आणखी एक संकेत मोडला, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रॉक बँडला आपलं गाणं मंचावर वाजवता आलंच पाहिजे, अशी अपेक्षा असायची. क्वीननं ऑपेराच्या भागाला टेप लावली, चक्क मंच सोडून आत गेले आणि रॉकच्या भागाला परत आले. टेपवर नुसते ओठ हलवून गायल्याचं सोंग करण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक! १३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत फ्रेडीनं सुरुवात याच पियानोनं केली, आणि ऑपेरा येण्याआधीच तो 'रेडिओ गा गा'कडे वळला. तो कार्यक्रम थोरच, पण हे गाणं मात्र रेकॉर्डवरूनच ऐका. सलग, मध्ये फोन न उचलता.