भिंतीत गेलं की कोण बघतंय?

बाथरूमचं काम काढलंय? अभिनंदन! टाइल बघायला सगळ्या खानदानाला घेऊन जा. मॅट की ग्लॉसी यावरून घरात दोन तट पडू द्या. पाइपचं मात्र डोक्याला लावून घेऊ नका. पाइप भिंतीत जातो, वर टाइल बसते, आणि घर बघायला आलेला एकही पाहुणा “आत कुठला पाइप टाकलात हो?” असं विचारत नाही. ते कॉन्ट्रॅक्टरला ठरवू द्या. त्याला त्या घरात राहायचं नसतं, त्यामुळे तो अगदी निःपक्षपातीपणे ठरवतो.

जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाइन असेल तर ती अजिबात बदलू नका. बोअर आणि टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं पिऊन त्या पाऊण इंची पाइपात जेमतेम पेन्सिल शिरेल एवढीच वाट उरलेली असते, त्यामुळे पाणी आपोआप वाचतं. सकाळची पहिली बादली तांबडी आली तर कुंड्यांना घाला, झाडांना लोह मिळतं.

गच्चीवर साधा पांढरा पाइप उघडाच पसरा, रंगबिंग मारू नका. उन्हाने ठिसूळ झाला की टाकी धुवायला चढलेल्याचा नुसता पाय लागायचा अवकाश.

संडासाच्या लाइनीला एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पाइप, ए टाइपचा घ्या. तो पावसाच्या पाण्यासाठी असतो म्हणे, पण स्वस्त पडतो आणि संडासाला काय कळतंय!

पाइप चिकटवायचं सोल्यूशन जो डबा उघडा असेल त्यातलं.

आता गिझरची लाइन. गरम पाण्याला सीपीव्हीसीच लागतो असं काही शहाणे सांगतात. तो फिकट क्रीम रंगाचा, ९३ अंशांपर्यंतचं पाणी झेलणारा. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्याचा, ४५ अंशांच्या पुढे त्याचा भरवसा नाही. आणि गिझरचं पाणी साठाच्या वर सहज जातं. पण एवढे आकडे कोण लक्षात ठेवणार? आमच्या कॉन्ट्रॅक्टरने सुवर्णमध्य काढला. गिझरखाली दिसणारा हातभर तुकडा सीपीव्हीसी, मिक्सरपाशी डोकावणारं टोक सीपीव्हीसी, आणि मधली भिंतीतली सगळी लाइन यूपीव्हीसी! या दोन पाइपांची बाहेरची मापं वेगळी, सरळ कपलर टाकून ते जुळत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने मुद्दाम थ्रेडचे अडॅप्टर आणले, टेफ्लॉनचे वेढ्यावर वेढे मारले आणि पाना लावून जीव खाऊन आवळले. याला नजरचूक म्हणायचं? नजरचुकीला एवढे कष्ट पडत नाहीत. बिलात मात्र ‘सीपीव्हीसी, एसडीआर ११’, फुटावर दर लावून, जीएसटीसकट. (एसडीआर म्हणजे पाइपाच्या जाडीचा आकडा.)

थंडी पडली, गिझर रोज तापायला लागला आणि खालच्या काकूंच्या पीओपीवर पिवळा डाग उमटला. मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपभोवती काहीबाही ओतून, पैसे घेऊन गेला. डाग आपला वाढतोच आहे. काकू भल्या, पण जिन्यात भेटल्या की नमस्काराआधी डागाची हकिगत. शेवटी टाइल फोडली. अडॅप्टरच्या तोंडाला उभी चीर, आणि शेजारच्या एल्बोतला पाइप हाताने ओढला तर चक्क निघून आला. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणतो, “साहेब, आयएसआय मार्कचा माल आहे!” अरे, आहे ना मार्क! गार पाण्यासाठी आहे! मी काय त्या मार्काने अंघोळ करू?

आणि तुम्हीही काही कमी नाही आहात. शॉवरच्या चकचकाटावर हजारो रुपये उधळता आणि एल्बोच्या वीस रुपयांवरून प्लंबरशी हुज्जत घालता. टाइलवाला उद्या येणार म्हणून प्रेशर टेस्ट ‘नंतर बघू’ म्हणता. नंतर म्हणजे कधी, टाइल बसल्यावर? पाइपवर थोड्याथोड्या अंतराने सगळं छापलेलं असतं. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि एसडीआरचा आकडा असतो. चष्मा लावून वाचा की! फक्त टोकं नाही, भिंतीतला प्रत्येक तुकडा वाचा. हातपंप आणि गेज लावून लाइन दाबाखाली ठेवा आणि काटा खाली आला तर टाइलवाल्याला परत पाठवा. चिडला तर चिडू दे. प्लॅस्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा, नाहीतर पुढे ड्रिलवाला बरोबर पाइपातच भोक पाडेल. आणि टाइलचा एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका. ती शेड पुन्हा मिळत नाही, सगळी दुकानं पालथी घालून झाली आहेत माझी.