चिवड्याची आठवण केलीत, कस्टम्सची कोण करणार?

टूर कंपनीने निघायच्या आधी चांगलं गुळगुळीत, रंगीत सूचनापत्रक पाठवलं. टोपी घ्या, गॉगल घ्या, फोटोंसाठी पांढरे कपडे घ्या, 'घरगुती खाऊ सोबत असल्यास प्रवासाची लज्जत वाढते'. आणि तळाला बारीक टायपात एक ओळ: 'स्थानिक कस्टम्स व आरोग्यविषयक नियमांचे पालन ही सर्वस्वी प्रवाशाची जबाबदारी राहील.' अहो, पण कोणते नियम? ते सांगायचेच तर पैसे मोजलेत ना तुम्हाला? चिवडा भरायला आम्हाला कोणी शिकवायला नको.

आम्ही मालदीवला चाललो होतो. तिथे उतरल्यावर सगळ्यांच्या सगळ्या बॅगा मशीनमधून जातात, परत जातानाच नव्हे, तिथे शिरतानाही. दारू नाही, डुकराचं मांस नाही, पूजेची मूर्ती नाही. हे नियम काही काल रात्री झालेले नाहीत. 2008च्या राज्यघटनेनुसार तिथे मुस्लिमेतर माणसाला नागरिकत्वसुद्धा मिळत नाही, असा तो देश आहे. त्यांचा देश, त्यांचे नियम, माझी त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण माझ्या सासूबाई जातील तिथे आपला पितळी बाळकृष्ण नेतात, मऊ फडक्यात गुंडाळून, बरोबर चिमुकली घंटा. तो अधिकारी अगदी अदबीने बोलला, मूर्ती ठेवून घेतली, पावती दिली, परत जाताना घेऊन जा म्हणाला. आई पावती हातात धरून उभ्या. आणि आमचे झेंडेवाले टूर मॅनेजर? लांबूनच, 'मॅडम, ते पर्सनल सामान आहे, त्यात आम्ही काही करू शकत नाही.' निघण्याआधी एक वाक्य टाइप करू शकत होतात की! आईंनी मूर्ती घरी शेजारच्या काकूंकडे ठेवली असती, विषय संपला असता.

पणजीहून आलेल्या जोडप्याच्या बॅगेत फेणी आणि गोव्याचे सॉसेज, म्हणजे दोन्ही गुन्हे एकाच पिशवीत. आणखी एकाची महागडी बाटली गेली, जी त्याने निघताना आपल्याच विमानतळावर ड्यूटी फ्रीत घेतली होती. बोर्डिंग पास बघून बिल करतात ना तिथे? त्यावर मालदीवची राजधानी माले लिहिलेलं दिसत नाही? दिसतं की, पण गल्ला भरत असताना कोण कशाला बोलेल! गंमत म्हणजे रिसॉर्टच्या बारमध्ये डॉलर मोजून पाहिजे तेवढी प्या, कोणी अडवत नाही. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर मात्र दारू मिळत नाही, आणि बिकिनीसाठी वेगळा किनारा ठरवून दिलेला असतो. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर 15 नोव्हेंबर 2024 पासून देशात आणायलाच बंदी, पर्यटकांनासुद्धा. ग्रुपमधल्या कॉलेजच्या पोराला हे विमानातून उतरल्यावर भिंतीवरच्या पाटीने सांगितलं.

बरं, इमूगा नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो, विमानाच्या आधीच्या 96 तासांत भरायचा, येतानाही आणि जातानाही. सरकारी साइटवर तो फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या नकली साइट वर येतात, आणि आमच्यातल्या दोन घरांनी ते भरलेसुद्धा. ग्रुपवर लिंक टाकायला सांगितली तर मॅनेजरने सूर्यास्ताचा फोटो टाकला.

पण माझं डोकं खरं फिरलं ते स्कूबाच्या, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात बुडी मारण्याच्या वेळी. पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म देतात: दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. तो फॉर्म उगीच नसतो. तर हे मॅनेजर महाशय सगळ्यांना सांगत फिरताहेत, 'सगळीकडे नो लिहा, नाहीतर उतरवणार नाहीत, आणि पैसे परत मिळत नाहीत.' समोर इनहेलर खिशात घेऊन उभे असलेले साठीचे काका! ते निमूटपणे 'नो' लिहित होते. मी पेन काढून घेतलं त्यांच्या हातातून. मग मीच वाईट.

शिवाय स्कूबा ठेवलं होतं शेवटच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी परतीचं विमान. डायव्हिंगमध्ये दाबाखाली रक्तात आणि शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ न देता उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखण्यापासून लुळेपणापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका डाइव्हनंतर निदान 12 तास, जास्त केल्या तर 18 तास विमान नको, आणि बरेच इन्स्ट्रक्टर सरळ 24 सांगतात. बेटांवर नेणारं, पाण्यावर उतरणारं सी-प्लेनही त्यातच आलं. ही अक्कल कार्यक्रम आखणाऱ्याला नको? लांबच्या बेटावर काही झालं तर मोठं हॉस्पिटल मालेला, आणि सी-प्लेन अंधारात उडत नाही. बसा रात्रभर स्पीडबोटीची वाट बघत. प्रवास विम्यात हे बसतं का विचारलं तर उत्तर, 'सर्टिफिकेट मिळेल ना मॅडम.' डेंग्यूचं तर नावच नाही. डास दिवसा चावतो तिथला, पण पत्रकात ओडोमॉसला जागा नाही, सेल्फी स्टिकला आहे.

परत निघताना एक बाई किनाऱ्यावरचं पोवळं पर्समध्ये घालत होत्या. 'पडलेलंच तर आहे!' पडलेलं असो की तोडलेलं, तिथून बाहेर न्यायला बंदी. इकडे उतरल्यावर आपला 1972चा वन्यजीव कायदा वाट बघत असतो, त्यात पोवळी पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीला. हेही मीच सांगायचं. मला पगार द्या मग!

परवा कंपनीतून फोन आला, पुढची टूर बाली, लवकर बुकिंगला सूट. मी विचारलं, तिथे 2008 पासून रेबीज आहे, तिथल्या उबुड गावच्या माकडांजवळ नेता, कोणाला चावलं तर लस कुठे मिळते? मुलगी म्हणाली, 'मॅम, माकडांची एंट्री फी पॅकेजमध्ये इन्क्लुडेड आहे.'