पाणी किती वाजता येते?

बेटावर सुट्टीला जायचे ठरवणे फारसे अवघड नाही. बेटावर नेमके कुठे उतरायचे हे ठरवणे मात्र घरातील प्रत्येकाच्या स्वभावाचा कस पाहणारे काम आहे आणि त्यातून भांडण न होता पार पडलेले एकही कुटुंब निदान कोथरूडात तरी माझ्या पाहण्यात नाही. अंदमानला जाण्याबद्दल आमच्याकडे वाद नव्हता. फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली आईने पाहिलेली आहे. १९११ ते १९२१ या काळात ते ज्या तुरुंगात होते तोही एकदा पाहायचा, ही तिची जुनी इच्छा. मुलीला पाण्याखालचे प्रवाळ पाहायचे होते, पत्नीला मनसोक्त डुंबायचे होते आणि मेहुण्यांना आम्ही सगळे कसे जातो यावर देखरेख करायची होती. एवढी एकवाक्यता आमच्या घरात गणपतीच्या आरासीबद्दलही होत नाही.

मेहुणे सहकारनगरला राहतात आणि तक्ता केल्याशिवाय कोणत्याही कामाला हात घालत नाहीत. हॉटेलांचा जो तक्ता त्यांनी आणला तो मूळचा फ्लॅट शोधताना केलेला असल्यामुळे त्यात पार्किंग, लिफ्ट, खोलीचे तोंड कोणत्या दिशेला आणि पाण्याची काय सोय, असे रकाने आयतेच होते. विमानाने आणि पुढे बोटीने जाणाऱ्या माणसाने पार्किंगचे काय करायचे, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "असू द्या, रकाना रिकामा राहिला म्हणून काही बिघडत नाही." मी तेव्हा मनातल्या मनात हसलो खरा, पण पुढे सगळे घोडे अडले ते नेमके दिशा आणि पाणी या दोन रकान्यांतच.

पहिला गोंधळ नावांनी घातला. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दीड-दोन तासांवर असलेल्या बेटाला हेन्री हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचे नाव होते. डिसेंबर २०१८ मध्ये ते स्वराज द्वीप झाले, नील बेट शहीद द्वीप झाले आणि २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. नावे बदलली हे योग्यच झाले. पण बुकिंगच्या संकेतस्थळांवर जुनी आणि नवी नावे एकत्र नांदत असल्याने मेहुण्यांच्या तक्त्यात एकच रिसॉर्ट दोन बेटांवर उभे होते. वहिनींनी स्वराज द्वीपावरचे पसंत केले आणि हॅवलॉकवरचे महाग म्हणून बाद केले. दोघांचे मालक सख्खे भाऊ असावेत, इतकी त्यांची पडदे निवडण्याची आवड सारखी आहे, असेही त्या कौतुकाने म्हणाल्या. तो एकच माणूस आहे हे मुलीने दाखवून दिल्यावरही, स्वस्त भावाकडेच बुकिंग करावे, असे मेहुण्यांचे मत कायम होते.

श्री विजयपुरममधला मुक्काम त्या मानाने लवकर मार्गी लागला. सेल्युलर जेलमध्ये संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो आणि तो संपल्यावर अंधारात रिक्षा शोधत हिंडायची आईची तयारी नव्हती. त्यामुळे "खोली तुरुंगाच्या जवळच हवी, लांबची चालणार नाही" असे हॉटेलवाल्यांना ठासून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर आला. परतीच्या आदल्या रात्रीही तिथेच राहायचे ठरले, कारण हवा बिघडली की बेटांवरच्या बोटी रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. हे दोन्ही निर्णय एका चहात झाले. त्यानंतरच्या चहांचा हिशेब ठेवलेला नाही.

स्वराज द्वीपावरच्या किनाऱ्यांना चक्क क्रमांक आहेत. तीन म्हणजे गोविंदनगर, पाच म्हणजे विजयनगर आणि सात म्हणजे राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे इथे वसवली गेली, म्हणून गावांच्या नावांत गोविंद, श्याम, कृष्ण आणि राधा अशी सगळी मंडळी हजर आहेत. राधानगर पश्चिमेला आहे. टाइम मासिकाने २००४ साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले, आणि पांढऱ्या वाळूचा तो लांबरुंद पट्टा व मागची उंच झाडी पाहिली की त्यावर वाद घालण्यासारखे काही सापडत नाही, हे पुणेकराने कबूल करणे म्हणजे खूप झाले. मात्र तिथे राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि त्यांतल्या एकीचे भाडे मेहुण्यांनी वाचून दाखवले तेव्हा, एका रात्रीचे की एका महिन्याचे, असे आईने विचारले. बहुतेक हॉटेले आणि पाण्याखाली बुडी मारायला नेणारी केंद्रे पूर्वेच्या बाजूला, तीन आणि पाच क्रमांकांच्या आसपास आहेत. तिथून राधानगरला जायचे तर बेट ओलांडून वाहनाने जावे लागते.

इथे दिशेचा रकाना जागा झाला. वहिनींना व्हरांड्यात बसून, चहा पीत पीत सूर्यास्त पाहायचा होता. आता अंदमान पुण्याच्या कितीतरी पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासभर तरी आधी मावळतो आणि डिसेंबरात तर पाचच्या सुमारासच निरोप घेतो. वहिनींची दुपारची झोप साडेचारला संपते. मग तोंड धुणे, मग चहा, मग कोणता ड्रेस घालावा याचा विचार, असा क्रम धरला तर त्या व्हरांड्यात येईपर्यंत बाहेर चांदणे पडलेले असेल, हे मेहुण्यांनी तक्त्यावरून सिद्ध केले. वहिनींनी शांतपणे उत्तर दिले, "मग सूर्योदयाची खोली घ्या. तो तरी उशिरा असेल." तो साडेपाचच्या आसपास असतो असे सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. पूर्वेची बाजू अशा रीतीने एकमताने संमत झाली.

त्यानंतर आम्ही सगळे छायाचित्रे पाहायला बसलो. या रिसॉर्टांची छायाचित्रे ज्याने एकदा पाहिली त्याने सगळी पाहिली. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले असतात, त्यांच्याभोवती जास्वंदीची फुले असतात, दोन झाडांमध्ये दोरीची झोळी टांगलेली असते आणि शेवटच्या पायरीला निळेशार पाणी टेकलेले असते. पत्नीने ते पाणी पाहताक्षणी पोहण्याच्या कपड्यांची यादी सुरू केली. आईने चष्मा वर सरकवून लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावले, बराच वेळ तशीच पाहत राहिली आणि म्हणाली, "हा फोटो भरतीचा आहे. झाडाच्या मुळापर्यंत पाणी चढलंय बघ. ओहोटीला समुद्र कुठे जातो ते विचारलंस का?"

आईचे माहेर गुहागरचे. आम्हा बाकीच्यांचा पाण्याशी संबंध खडकवासल्याच्या भिंतीपर्यंतचा; त्यामुळे समुद्र कुठे जातो म्हणजे काय, तो तर तिथेच असतो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. मुलीने शोधाशोध केली तेव्हा आईचा प्रश्न वर्मी लागल्याचे कळले. पूर्वेच्या किनाऱ्यांवर पाणी उथळ आहे आणि तळाशी प्रवाळ व खडक आहेत. ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो, खडक उघडे पडतात आणि पोहणे तर सोडाच, अनवाणी चालणेही अवघड होते. उजाडल्या पायरीवर हंसाचा टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली पत्नी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

हे एकदा समजल्यावर मात्र आम्ही पुणेकर म्हणून सावरलो. पाणी दिवसातून दोन वेळा येते, दोन वेळा जाते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, ही व्यवस्था पेठेत वाढलेल्या कोणालाही फोडून सांगावी लागत नाही. महापालिकेच्या नळाने आमची त्यासाठी लहानपणापासून तयारी करून घेतलेली आहे. फक्त वेळ कळायला हवी होती. आईने दिनदर्शिका काढली आणि तिच्या वडिलांचा हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा वाजलेला आकडा मिळतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मेहुणे त्या गणिताने इतके भारावले की त्यांनी तक्त्यात तिथीचा नवा रकाना घातला. मग मुलीने सांगितले की हा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे. चंद्र माथ्यावर येऊन गेल्यावर भरती किती वेळाने लागते हे त्या त्या किनाऱ्याच्या आकारावर आणि खोलीवर अवलंबून असते, आणि पोर्ट ब्लेअरची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी वेगळी छापतो. "चंद्र दुसरा आहे का तिकडे?" आईने विचारले. एक नातू-पणतूंच्या वयाचे खाते आपल्या वडिलांचे गणित मोडीत काढते, हे तिला अजूनही मान्य नाही. वास्तविक ते खाते १७६७ सालचे आहे. पण ही माहिती मी तोंडाशी आलेली गिळली.

शेवटी थेट हॉटेलांनाच विचारावे असे ठरले आणि ते काम, अर्थातच, माझ्याकडे आले. पहिल्या दोन-तीन ठिकाणी "समुद्र बिलकुल सामने है सर" एवढेच उत्तर मिळाले. तो कधी सामने असतो, असे विचारले की फोन दुसऱ्याकडे दिला जाई. त्यानंतर विजयनगरच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात एका बंगाली गृहस्थांनी फोन उचलला. मागे कोंबडा आरवत होता. मी माझ्या कोथरुडी हिंदीत विचारले, "आपके यहाँ पानी कितने बजे आता है?"

"पानी चौबीस घंटा है, दादा. गरम भी है."

"वो नहीं. समुंदर का."

पलीकडे थोडा वेळ नुसता कोंबडाच बोलत राहिला. मग ते गृहस्थ अतिशय समजुतीच्या सुरात म्हणाले, "दादा, समुंदर का गरम नहीं मिलेगा."

गैरसमज दूर झाल्यावर मात्र त्यांनी आमच्या तारखा विचारल्या, फोन खाली ठेवला, भिंतीवरचे काहीतरी वाचून आले आणि सांगितले की पहिल्या दिवशी सकाळी पाणी पायरीपाशी असेल, दुपारी नसेल, तेव्हा दुपारी राधानगरला जावे, तिथे वाळूचा तळ आहे, आणि परतीसाठी रिक्षा आधीच ठरवून ठेवावी कारण अंधार पडला की सगळे एकदम निघतात. मगरींची सूचना असलेल्या फलकांकडे दुर्लक्ष करू नये, हेही त्यांनी आपणहून सांगितले. ग्राहक मिळवण्याच्या दृष्टीने ही फार वाईट पद्धत आहे. आम्हाला ती इतकी ओळखीची वाटली की आईने तिथल्या तिथे निकाल दिला.

तरीही वहिनींचा जीव एका महागड्या कॉटेजच्या न्हाणीघरात अडकला होता. त्याला छप्पर नव्हते. उघड्या आकाशाखाली, केळीच्या पानांच्या आडोशाने आंघोळ करायची आणि त्यासाठी जादा पैसे मोजायचे, अशी ती योजना होती. नारायण पेठेतल्या वाड्यात चौकातल्या मोरीवर, डोक्यावर कावळे आणि बाहेर रांग लावून उभे असलेले भाडेकरू अशा परिस्थितीत मी लहानपणी हे सुख फुकट भोगलेले आहे. वडिलांनी निम्मे आयुष्य खर्चून आम्हाला छपराखाली आणले. त्यांच्या मुलाने ते छप्पर काढून टाकण्याचे भाडे भरावे, हे मला मंजूर नव्हते, आणि या एका मुद्द्यावर मेहुणे पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले.

अभिप्राय वाचण्याचे काम पत्नीने घेतले होते. चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची एक शाखा स्वराज द्वीपालाही पोहोचली. तेव्हापासून लोकांना तक्रार करायला घरी परतेपर्यंत थांबावे लागत नाही. एका पाहुण्याने लिहिले होते की सकाळी समुद्र होता, दुपारी नव्हता, आणि व्यवस्थापनाने याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली नाही. दुसऱ्याने पोह्यांवर खोबरे नसल्याबद्दल एक तारा कापला होता. हे गृहस्थ कुठले असावेत, याचा आम्ही मोठ्याने अंदाज केला नाही.

विजयनगरच्या गृहस्थांना आगाऊ रक्कम पाठवली. तळमजल्याची खोली, आईसाठी बसायचे कमोड आणि पायऱ्या दोनच, एवढे पक्के झाल्यावर मेहुण्यांनी तक्ता मिटला आणि लगेच दुसरा उघडला, कारण एक रात्र शहीद द्वीपावर काढायची होती. तिथे सूर्योदयासाठी सीतापूर, सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर आणि जेट्टीच्या जवळ भरतपूर आहे. वहिनी सीतापूर म्हणाल्या, मेहुणे लक्ष्मणपूर म्हणाले आणि त्या दोघांत पुन्हा जुंपण्याआधी आईने हात वर केला.

"भरताकडे राहू," ती म्हणाली. "राम वनवासात होता तोवर तो काही जागचा हलला नाही. ओहोटीलासुद्धा तिथेच सापडेल."

मुलीने एव्हाना भरतपूरची माहिती उघडली होती. तिने पडदा माझ्याकडे वळवला. तिथेही पाणी उथळच आहे आणि ओहोटीला तो किनाराही उघडा पडतो. हे आईला कोणी सांगायचे, यावर मेहुण्यांनी तक्त्यात लगेच एक रकाना पाडला आणि त्यात माझे नाव घातले.