डाग (1) – रु. 50

परवा वाचनालयात माझ्यावर डाग पाडल्याचा आळ आला. पान 57 वर. चारित्र्यावरचा डाग असता तर लोक निदान हळू आवाजात बोलले असते.

पुस्तक विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. 1939 सालची कादंबरी, अंगाने बारीक. मी ती दर दोन-तीन वर्षांनी नेतो. विकत का घेत नाही? दोनदा घेतली. दोन्ही प्रती ‘वाचून लगेच देतो’ म्हणणाऱ्यांच्या घरी सुखाने नांदताहेत.

काउंटरवरच्या मॅडमनी परत आलेलं पुस्तक फरफर उलटलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

“हा डाग तुम्ही पाडलात?”

“नाही हो, आधीपासूनच आहे.”

“मग नेताना का नाही सांगितलंत?”

यावर उत्तर नसतं. मी म्हटलं, अहो, बहुतेक कादंबरी बोटीवर घडते, थोडं पाणी लागायचंच. कुणी हसलं नाही. पण वाचनकक्षातल्या पंख्याखालून आवाज आला, “आणा इकडे.”

पंख्याखालची खुर्ची एका आजोबांची आहे. म्हणजे वाचनालयाचीच, पण ते नसतानाही तिथे कुणी बसत नाही. रोज सकाळी येऊन सगळ्यांच्या पेपरातलं शब्दकोडं ते एकटे सोडवतात. तेही पेनने. त्याला दंड नाही. बत्तीस वर्षं सरकारी धान्य गोदामात काढल्यामुळे पोत्यावरच्या डागावरून पोतं कुठल्या ट्रकने आलं ते आपण सांगत असू, असं त्यांनी आधी मॅडमना सांगितलं. मग चष्मा कपाळावर ढकलून पान नाकाला लावलं. पुस्तकाशी इतकी सलगी मीही कधी केलेली नाही.

“चहा नाही,” आजोबा म्हणाले. “चहाचा डाग वाळला की कडेला गडद दिसतो आणि मधे फिका. हा सगळीकडे सारखा आहे. आमसूल.”

“आमसूल?” मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

“तुमच्याकडे सोलकढी होते?” आजोबांनी विचारलं.

“क्वचित.”

“क्वचित म्हणजे कुठल्या वारी?”

“अहो आजोबा, आम्ही देशावरचे. आमच्याकडे आमटीला चिंच असते.”

आजोबांनी पान पुन्हा नाकाला लावलं. बराच वेळ लावलं. “मॅडम,” ते म्हणाले, “चिंचही असू शकेल.”

इथे मी वकील करायला हवा होता.

खरं तर या वाचनालयाचं आणि माझं आधीपासूनच बिनसलंय. मागे मी नंदा खरे यांची ‘उद्या’ मागायला गेलो होतो. “‘उद्या’ आहे का?” मॅडम म्हणाल्या, “उद्या आहे, परवा सुट्टी.” मी म्हटलं, तसं नाही, मला ‘उद्या’ पाहिजे. “मग उद्याच या ना.” शेवटी मागणीच्या वहीत लिहून आलो. त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा 2020 चा पुरस्कार जाहीर झाला होता आणि लेखकाने तो नाकारला होता. आमच्या वाचनालयाने लेखकालाच नाकारून फिट्टंफाट केली. वही अजून तिथेच आहे, माझ्या नोंदीखाली कुणीतरी ‘दिवाळी रांगोळी विशेषांक’ लिहिलंय आणि तो मात्र आला.

आणि डागांचंच बोलायचं तर इथलं कुठलं पुस्तक कोरं आहे? ‘कोसला’च्या प्रतीत कुणीतरी प्रत्येक ‘वगैरे’खाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात काड्या मारत मोजदाद चालवली होती. चाळीसेक पानांनंतर तो दमला. मला त्याच्याबद्दल माया वाटते. पण बाइंडरचं काय? ‘रणांगण’ला निळं रेक्झिन चढवताना त्याने शिलाई इतकी आत मारली की प्रत्येक ओळीतले एक-दोन शब्द पाठीत गेले. डाव्या पानावर ओळींचे शेवट नाहीत, उजव्यावर सुरुवाती नाहीत. नायक चक्रधर बोटीवर भेटलेल्या ज्यू हॅर्टाला काय म्हणाला हे कळायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून आत डोकवावं लागतं, दाताच्या डॉक्टरसारखं. त्याला कुणी विचारलं का, हे शब्द तुम्ही खाल्लेत का? त्याला बिल मिळालं, पावती माझ्या नावाची.

हे सगळं मी मनातच म्हणत होतो. कारण माझ्यामागे कॉलेजची एक मुलगी उभी होती आणि तिने मॅडमना चक्क विचारलं, “हे परत आलंय तर मी नेऊ?” या पुस्तकाच्या तारखांच्या चिठ्ठीवर गेली कित्येक वर्षं फक्त माझाच सभासद क्रमांक आहे. माझ्या पोटात एकदम बरं वाटलं. म्हटलं, जाऊ दे पन्नास रुपये.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, “चांगलं आहे. ती ज्यू मुलगी शेवटी समुद्रात उडी मारते.”

पंखा तेवढा फिरत होता.

“अय्या,” मुलगी म्हणाली, “मग कशाला वाचू?” आणि तिने एअर फ्रायरच्या पाककृतींचं पुस्तक घेतलं. त्याच्या शेवटी कुणी मरत नसावं.

मी चिडलो. डागापेक्षा यावरच जास्त चिडलो. आजोबांना म्हटलं, अहो, शेवट कशाला सांगितलात? “त्यात काय,” ते म्हणाले, “पंच्याऐंशी वर्षं होऊन गेली की!” आणि कोड्यातल्या पाच उभ्याकडे वळले.

मी पन्नास रुपये भरले. पावतीवर मॅडमनी बाळबोध अक्षरात ‘डाग (1)’ लिहिलं. मग मीही हट्टाला पेटलो. नवीन नेत होतो त्या पुस्तकाचं पान न् पान काउंटरवरच तपासलं. अकरा डाग निघाले, शिवाय एक चेपलेला डास. म्हटलं, मॅडम, आत्ताच्या आत्ता नोंद करून द्या.

“डागांची वही कपाटात आहे, किल्ली सरांकडे,” त्या म्हणाल्या. “उद्या मिळेल.”