न सांगता दारू सुटत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर आला आणि शेवटी मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: व्यसनमुक्ती केंद्रं म्हणजे पैसे काढायचा धंदा; तिथं गेलेला माणूस परत पितोच; दारू सोडायला फक्त निश्चय लागतो, माळ घाला आणि एका दिवसात बंद करा; तेवढा निश्चय होत नसेल तर पेशंटला न सांगता जेवणातून पावडर द्या, 21 दिवसांत कायमची सुटते; केंद्रात नाव नोंदवलं तर पोलिसांत नोंद होते आणि वर बदनामी. खाली जोडलेले हात आणि 'एक संसार वाचवा, पुढे पाठवा'.

पाठवणाऱ्या सहाही जणांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि मला काळजी त्याचीच वाटते. एका सेवाभावी संस्थेत मी गेली नऊ वर्षं पिणाऱ्यांच्या घरच्यांची रविवारची बैठक घेते. त्याआधी चार वर्षं मी त्याच बैठकीत समोर बसायचे, कारण माझा थोरला भाऊ पीत होता. त्यामुळे या मेसेजमधली एकेक ओळ मी कुठल्या ना कुठल्या घरात खरी करून बघितलेली पाहिली आहे.

'एका दिवसात बंद करा.'

दादा माथाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात टोळीत होता. आषाढीला त्यानं घराजवळच्या विठ्ठल मंदिरात माळ घातली आणि त्या क्षणापासून थेंबाला शिवला नाही. निश्चयाबद्दल म्हणाल तर इतका पक्का निश्चय मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा स्टीलचा पेला त्यानं दोन्ही हातांनी धरला, तरी तो दातांवर वाजत होता. त्या रात्री फिट आली. आम्ही कांदा हुंगवला, उपवासाचा अशक्तपणा म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. एकेक चिमटीत धरून वहिनीच्या तळहातावर ठेवायचा, मोजायचा. चादरीवर मुंगी एकही नव्हती. तेव्हा कुठे आम्ही त्याला रिक्षात घातला.

का होतं असं? दारू मेंदूला गुंगवते. रोज भरपूर दारू येत राहिली की मेंदू तोल सांभाळायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम थांबली की ती वाढलेली उत्तेजना तशीच मोकाट राहते. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना ताप, भास, दिशाभूल असं सगळं एकत्र येतं. त्यात माणूस दगावतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला म्हणूनच आधी डिटॉक्स लागतं: डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस, मेंदू शांत ठेवणाऱ्या आणि हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, रक्तदाबावर लक्ष.

माळेला मी नावं ठेवत नाही. दादाच्या गळ्यात ती आजही आहे आणि तिनं त्याला अनेक संध्याकाळी दुकानाच्या दारातून परत आणलंय. पण ते पहिले पाच दिवस माळेचे नाहीत, डॉक्टरांचे आहेत.

'न सांगता जेवणातून पावडर द्या.'

या ओळीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण लोकलच्या डब्यातल्या स्टिकरपासून मोबाइलपर्यंत ती सगळीकडे पोचली आहे.

दारूवर एक जुनं औषध आहे, डायसल्फिराम. 1940 च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांना त्याचा हा उपयोग सापडला. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग ते विष निकामी करतं. ही दुसरी पायरी हे औषध अडवतं. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर विष अंगात साचतं: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयाचा त्रास असलेला माणूस त्यात जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते देण्याआधी यकृत आणि हृदय तपासतात, शेवटच्या दारूनंतर निदान 12 तास थांबतात आणि रुग्णाला समोर बसवून सांगतात की गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारू चालणार नाही, खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलसुद्धा नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस घाबरून पीत नाही. औषध चालतं ते या माहितीच्या जोरावर. जेवणातून गुपचूप दिलं की धोका तेवढा उरतो आणि उपयोग निघून जातो.

पुडीत नेमकं काय असतं हे त्यावर छापलेलं नसतं. कुणाच्या पुडीत नुसती राखेसारखी भुकटी निघेल, कुणाच्या पुडीत हेच औषध कुटून घातलेलं असेल. कोपरखैरण्याच्या एका वहिनींनी वरणात अशी पुडी कालवली. नवरा जेवला, उठला, नेहमीसारखा बाहेर जाऊन पिऊन आला आणि जिन्यातच कोसळला. इस्पितळात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लंय, कुठलं औषध चालू आहे? वहिनी पदर तोंडात धरून उभ्या. सांगायचं तर नवऱ्याला विष घातलं म्हणतील, नाही सांगायचं तर उपचार कशावर करणार? त्यांनी सांगितलं, म्हणून तो वाचला. पण पुढचे आठ महिने त्या घरात नवरा बायकोच्या हातचं पाणीही पीत नव्हता.

'केंद्रात गेलेले परत पितातच.'

बरेच जण पितात, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेचा आकडा 40 ते 60 टक्के असा आहे. त्याच संस्थेनं शेजारी आणखी एक आकडा दिलाय: रक्तदाब आणि दमा यांत औषधोपचार सुटून आजार उलटण्याचं प्रमाण 50 ते 70 टक्के. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण कुणाला 'डॉक्टरकडे जाऊन काय उपयोग झाला' असं विचारत नाही, गोळी पुन्हा सुरू करतो.

दादा सात महिने कोरडा राहिला आणि जावळीत गावच्या यात्रेला गेला तेव्हा प्यायला. परत आला तो तोंड लपवून. बैठकीतल्या दोघांनी मार्केटात जाऊन त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. कीर्तन केलं नाही, फक्त रविवारी किती वाजता, तेवढं सांगितलं. सोडल्यावर असं पुन्हा पिणं घडतं त्याला 'स्लिप' म्हणतात, आणि स्लिपनंतर माणूस किती लवकर परत येऊन बसतो यावर पुढचं बरंच काही ठरतं. तीस दिवसांचं दाखल होणं ही सुरुवात. खरं काम नंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या फोनांत, फॉलोअपमध्ये, मुकादमाशी बोलून रात्रपाळी बदलून घेण्यात असतं.

त्याच काळात आणखी एक गोष्ट कळली. दारू सुटली तरी दादा झोपत नव्हता, अंधारात बसून राहायचा. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य ओळखलं. ते दारूच्या आधीपासून होतं, दारू त्याच्यावरचं झाकण होती. मन खंबीर करा, हा सल्ला अशा माणसाला कसा लागत असेल? तज्ज्ञांकडे जायला घरात विरोध झाला तो 'ठाण्याला न्यायची वेळ आली का' या शब्दांत. 1901 पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे आणि इतकी वर्षं आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून ठेवली आहे. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये मानसिक आरोग्याची आयपीएच ही संस्था उभी केली. तिथं अगदी चारचौघांसारखी माणसं मनाचं दुखणं घेऊन जातात.

'सगळीकडे धंदा.'

फसवी केंद्रं आहेत. मारहाण करणारी, कुलुपात ठेवणारी, डॉक्टरशिवाय चालणारी आहेत, आणि त्यांचा राग मला मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा कमी नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांनाही आजार मानलंय. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, साखळीनं बांधणं आणि जबरदस्तीनं मुंडण करणं बंद आहे. तेव्हा विचारा: नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, आम्ही भेटायला कधी यायचं, घरी सोडल्यावर कोण फोन करणार? उत्तर टाळलं तर बाहेर पडा.

पैशांचं म्हणाल, तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना सावरायला चालवलेल्या गटाच्या, बैठकीला फी नसते. 1935 साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेली ती रीत आज ठाण्यात, नवी मुंबईत मराठीतून चालते. व्यसनासाठी केंद्र सरकारची 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसची 14416 ही हेल्पलाइन मोफत आहे. आणि केंद्रं परत पिणाऱ्यांनी भरलीत म्हणणाऱ्यांसाठी: 2019 च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकाला कसलीतरी मदत मिळालेली दिसली. दाखल होऊन उपचार 180 मागे एकाला.

पोलिसांचं एका वाक्यात. दारूच्या उपचारांची नोंद पोलिसांत जात नाही, कायद्यानं ती गोपनीय आहे. आणि ड्रग्ज घेणारा स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, उपचार पूर्ण करायच्या अटीवर.

कोपरखैरण्याच्या त्या वहिनी आमच्या बैठकीला पहिल्यांदा आल्या तेव्हा दीड तास काही बोलल्या नाहीत. उठताना पर्समधून रबर लावलेल्या अकरा पुड्या काढून त्यांनी बाकावर ठेवल्या आणि विचारलं, "ताई, हे त्यांना सांगू कसं?" पुढच्या रविवारी त्या नवऱ्याला घेऊन आल्या. पुड्या मी जपून ठेवल्या होत्या. त्याच बाकावर दोघांच्या मधे त्या ठेवल्या, आणि बोलायला सुरुवात वहिनींनीच केली.