‘तिघे तमाशा बघतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नववीच्या भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारे संगणकावरचे सॉफ्टवेअर वापरताना मुले एकमेकांकडून कशी शिकतात, यावरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपण दाखवलेली एक चूक मान्य करते. जिओजेब्रा 2007 साली तयार झाले, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात त्याचे काम 2001 मध्येच सुरू केले होते. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

मात्र आपले एक वाक्य मला दोन दिवस खुपते आहे. आपण लिहिता, “चौघांच्या गटात एक जण माउस धरतो आणि उरलेले तिघे तमाशा बघतात, याला एकत्र शिकणे म्हणण्याचे धाडस लॅपटॉपच्या प्रेमात पडलेले शिक्षकच करू जाणे.” या वाक्यात मुद्दा एक आणि टोमणे दोन आहेत. मुद्द्याचे उत्तर देतेच, पण टोमण्यांकडे काणाडोळा करणे मला जमणार नाही. मी 1997 पासून गणित शिकवते आहे आणि त्यातली पहिली चौदा वर्षे माझ्याजवळ फळा, खडू आणि लाकडी कंपास याखेरीज काहीही नव्हते. संगणक माझ्या वर्गात उशिरा आला आणि मी त्याला बराच काळ संशयाने वागवले. राहिला ‘तमाशा’ हा शब्द. ज्या मुलांविषयी आपण तो वापरलात, त्यांना आपण पाहिलेले नाही, त्यांचे बोलणे ऐकलेले नाही. माझ्याविषयी काय म्हणायचे ते म्हणा. मुलांविषयी असे न पाहता बोलू नये, एवढी अपेक्षा मी शिकल्यासवरल्या माणसाकडून ठेवते.

आता त्या तिघांविषयी. त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज हा विषय होता. आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून मापे पूर्ण अंशांत दाखवण्याची सोय मीच निवडून ठेवली होती. एका गटाच्या पडद्यावर 59, 60 आणि 60 अशी मापे आली. माउस एका मुलाच्या हातात होता, पण बेरीज केली ती मागे वही घेऊन बसलेल्या मुलीने आणि ती 179 भरली. “कॉम्प्युटर चुकला,” असे माउसवाला म्हणाला. शेजारचा म्हणाला, “तो कसा चुकेल? तूच बिंदू नीट ठेवला नाहीस.” त्याने शिरोबिंदू जरासा सरकवला, तेव्हा बेरीज 180 झाली, आणखी सरकवला, तर 181. ती मुलगी जवळजवळ ओरडलीच, “थांब, मागे ने. एकशे एकोणऐंशीवर आण.” तो भलताच बिंदू ओढू लागला, तशी ती म्हणाली, “बी नाही, सी. सी डावीकडे, हळू.” परत 179 आल्यावर चौथी मुलगी म्हणाली, “साठ म्हणजे नक्की साठ नसणार, पुढचं काहीतरी दिसत नाहीये.” त्यांनी मला विचारून एक दशांश स्थळ दाखवायला लावले आणि पडद्यावर 59.4, 60.4 आणि 60.2 उमटले. बेरीज बरोबर 180.

यात माउस कोणाच्या हातात होता आणि शोध कोणी लावला, ते आपणच पाहा. ज्याच्या हातात माउस नसतो, त्याला आपल्या मनातली हालचाल दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावी लागते आणि त्यासाठी ती शब्दांत मांडावी लागते. ‘तो तिकडचा’ म्हणून भागत नाही, ‘सी’ म्हणावेच लागते. शिवाय चौघांसमोर आकृती एकच असते आणि ती हलते. चार वह्यांत चार त्रिकोण असले, की माझे 178 आणि तुझे 181 यांवर भांडण होतच नाही. प्रत्येक जण आपापले खोडतो आणि गप्प बसतो.

हे मी एकटीच म्हणते आहे असेही नाही. जेरेमी रॉशेल आणि स्टेफनी टीजली यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन विद्यार्थी एकाच संगणकासमोर बसून वेग आणि त्वरण दाखवणारे बाण हलवत होते. काम वाटून घेणे आणि प्रश्नाची एक सामाईक समज मिळून घडवत राहणे, हा भेद त्यांनी तिथे मांडला. हात किती जणांचे चालले, यावर तो ठरत नाही.

आणि खोडण्याविषयी मी ऐकीव बोलत नाही. मी नववीत असताना कोनमापकाने त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले आणि बेरीज 178 आली. दोनदा मोजले, तेच. वही घेऊन सरांकडे गेले, तर त्यांनी वर न बघता सांगितले, “180 लिही.” मी लिहिले. चूक माझ्या हाताची, कोनमापकाची की प्रमेयाची, हे विचारायला शेजारी कोणी नव्हते, कारण शेजारणीनेही 180 च लिहिले होते. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला “एकशे एकोणऐंशीवर आण” म्हणताना ऐकले, तेव्हा मला माझी ती वही आठवली. याला आपण लॅपटॉपचे प्रेम म्हणत असाल, तर आपल्याला माझा लेख कळलाच नाही, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

माउस बळकावून बसणारी मुले असतात, हे खरे आहे. दर काही मिनिटांनी जागा बदलायला लावली की तो प्रश्न बराचसा सुटतो. वाचनाच्या तासाला पुस्तक बळकावणारी मुलेही असतातच.

कंपास-पट्टीने हेच स्वस्तात होते, हा आपला दुसरा मुद्दा. कंपास मी सोडलेला नाही, आणि दहावीच्या परीक्षेत भौमितिक रचना कागदावरच काढायच्या असतात, हे मला आपल्याकडून कळायला नको होते. पण कागदावर नजरेने जुळवलेला चौरस चौरसच दिसत राहतो. जिओजेब्रात त्याचा एक कोपरा ओढला की तो वाकडा होतो आणि लंब न काढता काम उरकल्याचे गटातल्या सगळ्यांना एकदम कळते. कंपासकडून ते होत नाही. वीज, इंटरनेट आणि निधी यांविषयीच्या आपल्या परिच्छेदाचा माझ्या लेखाशी संबंध नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

त्या त्रिकोणाची फाइल माझ्याजवळ आहे. हवी असल्यास कळवा, पाठवीन. चार मुलांना एका संगणकाभोवती बसवून, माउस एकाकडे देऊन आपण स्वतः बाजूला उभे राहा आणि मग मला लिहा. त्या पत्राचे उत्तरही मी इतक्याच सविस्तर देईन, फक्त त्यात ‘तमाशा’ हा शब्द नसावा.